लॉबीत उभा केलेला हातपंप

मित्रांनो, एकनाथकाकांच्या मागच्या अंगणात ज्याच्या दांड्याला तुम्ही लोंबकळता, तो मी एक जुना हातपंप आहे. माझा जन्म सोलापूरचा. कारखान्याच्या हौदावर माझी पहिली धार पडली तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "हा गडी गावाला म्हातारं होऊ देईल, स्वतः होणार नाही."

पण मला गाव मिळालंच नाही. १९८३ साली तुमच्या काकांनी मला नमुना म्हणून वॉशिंग्टनला मागवलं. गरीब देशांच्या पाणीयोजनांना मदत देणाऱ्या एका संस्थेत ते इंजिनियर होते. तिथेच मला मुतिंताबाई भेटल्या.

त्या झांबियाच्या. लहानपणी डोक्यावरून पाणी वाहून वाहून टाळूवरचे केस विरळ झालेले. शिकून इंजिनियर झाल्या, देशोदेशी विहिरी आणि पंप बघत हिंडल्या आणि एकच गोष्ट सांगत राहिल्या: पंप बिघडला की जीपमधून येणाऱ्या मेकॅनिकची वाट बघायची नाही, गावातल्या बायकांनीच तो उघडायचा. या योजनेला समितीने मंजुरी द्यावी म्हणून त्या झटत होत्या.

मोठे साहेब डॉसन हसायचे. "बायकांच्या हाती पाना दिलात, तर स्वयंपाक कोण करणार?"

"पाण्याशिवाय स्वयंपाक कसा करतात, ते आधी तुम्ही करून दाखवा," त्या म्हणायच्या.

समितीपुढे माझं प्रात्यक्षिक ठरलं. माझ्या पोटात चामड्याचे वायसर असतात. ते भिजलेले असले तरच फुगून घट्ट बसतात आणि पाणी वर चढतं. बाईंनी ते आदल्या दिवशी पातेल्यात भिजत घातले होते.

सकाळी डॉसन नाक मुरडून म्हणाले, "हा वास घालवा. आणि एकनाथ, योजना बारगळली तर पंपांचा विभाग तुम्हीच सांभाळाल." काकांनी पातेलं ओतून दिलं. वायसर हीटरवर ठेवले. कडक वाळल्यावर फडक्याने पुसून माझ्यात बसवले. काकाही मूळचे सोलापूरचेच; त्यांना चामडं ठाऊक नव्हतं असं नाही.

बाई आल्या. "तुम्ही बसवले? ओलेच ना?"

"ओलेच. म्हटलं, तुमचं काम जरा इझी करावं."

त्यांनी विश्वास ठेवला. रोज दुपारी दोघं एकमेकांच्या डब्यातलं खात असत.

समितीपुढे मी पाण्याने भरलेल्या पिंपात उभा होतो. बाईंनी दांडा मारला. मी नुसता घरघरलो. पुन्हा मारला, पुन्हा मारला. मला लाज वाटत होती, पण कोरड्या चामड्याला लाज कळत नाही.

"गावातल्या बायका हाच चालवणार का?" डॉसन म्हणाले. सगळे हसले.

बाईंनी पाना उचलला. "मी उघडते. थोडा वेळ द्या."

"वेळ आफ्रिकेत भरपूर आहे. इथे नाही." खुर्च्या सरकल्या.

तरी त्या थांबल्या नाहीत. कोणाची मदत न घेता त्यांनी मला उघडलं. तेच तर त्यांना दाखवायचं होतं. वायसर हाती आला, पापडासारखा कडक. तोपर्यंत बघायला एकटे काका उरले होते, आणि ते टाय सारखा करत होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं.

योजना गेली. बाई मायदेशी परतल्या आणि कोणाच्याही मंजुरीशिवाय गावोगावच्या बायकांना पंप उघडायला शिकवू लागल्या. चार वर्षांनी ते काम गाजलं. मग त्याच बायकांचा मोठा फोटो लॉबीत लागला. खाली नाव होतं काकांच्या विभागाचं. शोभेसाठी मला फोटोपुढे उभं केलं. लोक माझ्या दांड्यावर ओले कोट टाकत.

बाई तेव्हा भाषणासाठी आल्या होत्या. माझ्यापाशी थांबल्या, कोट बाजूला सारून दांडा दाबला. मी तसाच घरघरलो.

काका पुढे झाले. "मुतिंता, याला मी जपून ठेवलंय."

"हो," त्या म्हणाल्या. "कोरडा."

त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. ऑफिस हललं, तशी काकांनी मला घरी आणलं. वसुधाकाकू म्हणाल्या, "अहो, हे धूड कशाला?" काका म्हणाले, "असू दे, आठवण आहे." त्यांनी मला हिरवा रंग दिला. दर वर्षी देतात. आत मात्र कधी पाहत नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर झोके घ्या, मला राग नाही. पण ज्याला कामाला लावणार नाही, त्याला शोभेला उभं करू नका. आणि कधी जमलं तर पाना आणा, मला उघडा, आणि ते चामडं एकदा पाण्यात घाला.