अठ्ठ्याऐंशी नंबरचं घर

सारेथमावशीनं पंचावन्न वर्षांत नॉम पेन्ह दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा कंबोडियाच्या या राजधानीला तिच्यावर छाप पाडता आली नव्हती. तिसऱ्यांदा ती आली ती भाचीच्या लग्नाला, मांडीवर पोफळीचे चार तुरे घेऊन. चौकड्यांच्या ओल्या पंच्यात गुंडाळलेले, हिरव्या कोषातले, अजून न उमललेले. ख्मेर लग्नाला तीन लागतात: एक बापाच्या नावाचा, एक आईच्या, एक थोरल्या भावंडांच्या. चौथा, वाटेत काही कमीजास्त झालं तर म्हणून. कांपोंग चामजवळच्या तिच्या आठ पोफळींसारखं फूल मेकाँगच्या दोन्ही काठांना होत नाही, असं तिचं मत होतं. वेगळं मत असलेला माणूस गावात राहत नव्हता.

तो राजधानीत राहत होता. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, नवरीचा बाप हेंग. आदल्या दिवशी त्यानं फोन केला.

"ताई, तुम्ही बसथांब्यावरच बसून राहा. मी न्यायला येतो. हे शहर आहे, तुमचं आगर नव्हे. फुलं घेऊन हरवलात तर लग्न खोळंबेल. आचार्यांनी नऊचा मुहूर्त काढलाय."

"शहरात दारादारावर नंबर असतात म्हणे," मावशी म्हणाली. "मग हरवायचं कसं? नवाच्या आत पोचते. आणि वाटेत कोणाला पत्ता विचारला, तर नाव बदला माझं."

हेंगनं हे मांडवातल्या सगळ्यांना सांगितलं. दोघा-तिघांनी नवीन नावंही सुचवली.

सकाळी सातला मावशी पिवळ्या घुमटाच्या बाजारापाशी उतरली. टुकटुकवाले फोन नाचवत धावून आले. एकटा थोन नावाचा सायकलरिक्षावाला जागचा हलला नाही. तो आपल्या सायक्लोच्या गिऱ्हाइकाच्या गादीवर पाय पसरून कॉफी पीत होता. मावशीला माणूस पसंत पडला.

"तूल तोम्पूंग. देवळामागचा रस्ता, घर नंबर अठ्ठ्याऐंशी. फोनमध्ये बघून नेणार असाल तर नको."

"ताई, चाळीस वर्षं ही गाडी मारतोय. कोणाला वाट विचारली नाही," थोन म्हणाला. "फोन आहे, पण त्याच्यात फक्त बायको येते."

सायक्लोत गिऱ्हाईक पुढं बसतं आणि चालवणारा मागं, त्यामुळे शहराशी पहिली ओळख गिऱ्हाइकाच्या गुडघ्यांची होते. चौकाचौकात चारी बाजूंनी मोटारसायकली अंगावर आल्या आणि कोणी न थांबता, कोणी न आपटता आरपार निघून गेल्या. एकीवर बाप, आई, दोन मुलं आणि एक आरसा लावलेलं कपाट होतं. मावशीनं मान डोलावली.

"सामान बांधता येतं तुमच्या लोकांना," ती म्हणाली. थोननं ही पावती शहराच्या वतीनं घेतली आणि पाठ ताठ केली.

देवळामागच्या रस्त्यावर चौऱ्याऐंशीनंतर अठ्ठ्याऐंशी आला. तिथं नूडल्सचं दुकान होतं. थोननं विचारलं काहीच नाही, नुसता ब्रेक दाबला.

"लग्नाचे का?" मालक आपणहून म्हणाला. "लग्न इथं नाही. पण खरा अठ्ठ्याऐंशी हाच. बाकीचे मागाहून झाले."

बाकीचे म्हणजे किती, हे विचारणं दोघांनाही शोभलं नसतं. आठ हा बरकतीचा आकडा. दोन आठ म्हणजे दुप्पट. तेव्हा ज्याच्या हाती रंगाचा डबा आला त्यानं तो दारावर लिहिला. पुढं एकशे वीस, मग तेवीस, मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी. तिथं एक दातांचा डॉक्टर दार उघडत होता.

"आकडा माझ्या आजोबांच्या स्वप्नात आला होता," तो म्हणाला. "कोणाकडे स्वप्नाचा पुरावा असेल तर दाखवा."

मावशीच्या पिशवीतला फोन वाजला. हेंग. तिनं तो वाजू दिला. आठ वाजून गेले होते, आणि पंचा सुकायला लागला होता. थोननं पाण्याची बाटली पुढं केली. मावशीनं आधी फुलांना पाजलं, मग स्वतः प्यायली.

तिसऱ्या अठ्ठ्याऐंशीला रस्ता अडवून गुलाबी-सोनेरी मांडव घातला होता. दारावर नवरीचा माणसाएवढा फोटो होता. शहरातले फोटोवाले नवरीला इतकं गोरं करतात, की सख्ख्या आईलाही खालचं नाव वाचून खात्री करावी लागते. मावशीनं नाव वाचलं नाही. तिला भाची लगेच ओळखू आली.

ती उतरते न उतरते तोच कोणीतरी तिच्या हातात सीताफळांचं तबक ठेवलं. नवऱ्याकडची मिरवणूक निघाली होती, तबकं जोडीजोडीनं चालायला हवीत आणि एका तबकाला जोड नव्हती.

"अहो, मी मुलीकडची."

"आत गेल्यावर व्हा मुलीकडच्या. आता चला."

काखेत फुलं आणि हातात सीताफळं अशी ती मांडवात शिरली. चौरंगावर पोफळीचे तीन तुरे आधीच ठेवलेले होते. बाजारचे. मधल्याचा कोष तर पार तपकिरी पडला होता. म्हणजे हेंगला तिचा एवढा भरवसा.

"हे वाळवण कोणी आणलं?" मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"मी," हिरव्या रेशमातली एक बाई म्हणाली. "मी नवरीची आई. आपण कोण?"

मावशीनं तबक खाली ठेवलं. आता तिनं नवरीकडे पाहिलं. मुलगी छान होती, पण भाची नव्हती.

खुलासा व्हायला वेळ लागला नाही, कारण मांडवात चुकलेली ती एकटी नव्हती. चौरंगापाशी एक वाजंत्री ताफा बसला होता आणि दाराशी दुसरा पेज खात होता.

"हेंगसाहेबांनी फक्त अठ्ठ्याऐंशी सांगितलं," दुसऱ्याचा म्होरक्या म्हणाला. "इथं लग्न दिसलं, वाजवायला बसलो. वाजवल्यावर पेज आली. मग शंका कशी येणार?"

"चला माझ्याबरोबर," मावशी म्हणाली.

"कुठं चला?" नवरीची आई पुढं झाली. "माझ्या दारात आले ते माझे. दोन ताफे आख्ख्या गल्लीत कोणाच्या लग्नाला वाजले नाहीत."

"तुमच्या दारात मीही आलेय. मलाही ठेवून घेणार?"

बाईची नजर मावशीच्या काखेतल्या पंच्यावर खिळली होती. मग ती चौरंगावरच्या मधल्या तुऱ्याकडे गेली.

"मधला कोणाच्या नावाचा?" मावशीनं विचारलं.

"माझ्याच," बाई हळूच म्हणाली. "आईचा. काल घेतला तेव्हा बरा होता."

मावशीनं पंचा सोडला, चौथा तुरा काढला आणि कोषाला नखानं चीर दिली. आतून हस्तिदंती दाण्यांच्या लडी उलगडल्या. पहिल्या ताफ्याचा ढोलवालाही वाजवायचा थांबला.

"आईचा तुरा वाळका असू नये," मावशी म्हणाली. "कांपोंग चामचा आहे. कोणी विचारलं तर सांगा."

बाईनं तुरा दोन्ही हातांनी घेतला. मग म्होरक्याला म्हणाली, "पेज संपवा आणि निघा. देवळाच्या त्या अंगाला, निळं फाटक, चौथा अठ्ठ्याऐंशी."

हे कोणीही न विचारता सांगितलं गेलं, याची थोननं मनाशी नोंद घेतली.

नवाला दहा मिनिटं कमी असताना हेंग निळ्या फाटकाशी उभा राहून फोनवर ओरडत होता, की वाजंत्री कुठं मेली. तेवढ्यात ढोल त्याला फोनऐवजी रस्त्यावरून ऐकू आला. पुढं सायक्लो, त्यात मांडीवर तीन तुरे घेऊन बसलेली सारेथमावशी, मागं टुकटुकमध्ये दाटीवाटीनं पूर्ण ताफा, वाजवत. शेजारीपाजारी दारात आले. अशी वरात नवऱ्यामुलाचीही निघाली नव्हती.

"ताई, सापडलं का घर?" हेंग म्हणाला.

"घराचं काय, आम्ही सातपासून याच रस्त्यावर आहोत," मावशी उतरत म्हणाली. "वाजंत्री गोळा करायला थोडा वेळ गेला. पुढच्या लेकीच्या वेळी मलाच सांगत जा."

बहीण हसत होती. हेंगनं थोनला बाजूला घेतलं.

"खरं सांगा, वाटेत कोणाला विचारलं?"

"साहेब," थोन म्हणाला, "चाळीस वर्षं झाली गाडी मारतोय."

आत मावशीनं मधल्या तुऱ्याला नखानं चीर दिली. चौरंगावर आईच्या नावाचं फूल उलगडलं आणि आचार्यांनी चष्मा वर करून विचारलं, हे कुठलं. मावशीनं हेंगकडे पाहिलं.

हेंगनं घसा साफ केला. "कांपोंग चामचं," तो म्हणाला. "आमच्या ताईंच्या आगरातलं."