पावणेदहा टक्के

हॉस्पिटलात तिला सगळे सहीबाई म्हणत. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांच्या संमतिपत्रावर सह्या घ्यायच्या, हे तिचं काम. घाबरलेल्या माणसाला कागद वाचत बसू द्यायचं नाही, हे ती चौदा वर्षांत शिकली होती. कागद पुढे सरकवायचा, सहीच्या जागेवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, सगळेच करतात. माणूस बोटाकडे बघतो आणि सही करून मोकळा होतो.

म्हणून बँकेतल्या साहेबाने गृहकर्जाचा गठ्ठा सरकवून पहिल्या पानावर बोट टेकवलं, तेव्हा तिला हसूच आलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. बोटाकडे न बघता तिने पान उलटलं आणि व्याजदर कुठे लिहिलाय ते विचारलं. साहेब म्हणाला, आत आहे सगळं. किती आत, ते काही सांगेना.

शेजारी नवरा घड्याळ बघत होता. त्याचं चष्म्याचं दुकान. जगाला बारीक अक्षर दिसावं म्हणून धडपडणारा हा गृहस्थ आज मात्र म्हणत होता, कशाला वाचत बसतेस, उशीर होतोय. उशीर होत होता हे खरंच. भाड्याच्या घराची किल्ली सकाळीच परत दिली होती आणि दुपारी तिथे नवं बिऱ्हाड येणार होतं. सामानाचा टेम्पो नव्या इमारतीखाली उभा होता आणि सासूबाई जिन्याच्या पायरीवर टीव्ही सांभाळत बसल्या होत्या. घर विकणाऱ्याने दिलेली मुदत आज संपत होती. आज पैसे पोचले नाहीत तर दिलेला बयाणा बुडाला, आणि त्या बयाण्यात तिची चौदा वर्षांची बचत होती.

तरी ती वाचत राहिली. पानांमागून पानं गेली. व्याजदर म्हणजे काय ते चार ठिकाणी सांगितलं होतं, पण किती ते कुठेच नाही. एक कलम म्हणे परिशिष्ट बघा, परिशिष्ट म्हणे तक्ता बघा. अखेर एकेचाळिसाव्या पानावर, विम्याच्या अटींच्या खाली, तो तक्ता सापडला. पावणेदहा टक्के. मुदत अठ्ठावीस वर्षं.

घरी नवऱ्याने साडेआठ सांगितलं होतं, आणि वीस वर्षं. हप्ता तेवढा जवळजवळ तोच होता, म्हणून आजवर तिला शंकाही आली नव्हती. ती एकोणचाळीस वर्षांची. साठीच्या आत कर्ज फिटेल आणि मग हॉस्पिटलातलं सह्यांचं टेबल कायमचं सोडायचं, हे तिने मनात पक्कं ठरवलं होतं. आता ती सदुसष्ट वर्षांची होईपर्यंत सुटका नव्हती.

छापण्यात चूक झालीय, असं ती बोलणार, तेवढ्यात तिचं लक्ष तक्त्याखाली गेलं. तिथे नवऱ्याची सही होती, आठ दिवसांपूर्वीच्या तारखेची.

साहेब जरा ओशाळला. दुकानाच्या जुन्या कर्जाचे चार हप्ते थकले होते, म्हणून दर चढला, हे त्याने हळू आवाजात सांगितलं. यांना तेव्हाच कल्पना दिली होती, म्हणाला. तिला तर जुनं कर्ज होतं हेच माहीत नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का इथे?"

नसती आली. त्यालाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच किल्ली परत करायची घाई त्याने केली होती. सगळ्या वाटा आधी बंद करून मग त्याने तिला इथे आणून बसवलं होतं. तिला संतापाने रडू यायला लागलं, पण परक्या माणसासमोर रडायची तिला लाज वाटली. फोन वाजला. टेम्पोवाला विचारत होता, सामान उतरवू की अजून थांबू?

"उतरवा," ती म्हणाली.

मग तिने सह्या केल्या. बेचाळीस. मनगट दुखायला लागलं तरी ती थांबली नाही. साहेबाने शेवटी एक कोरा कागद पुढे केला. हे तुमच्याच अक्षरात लागतं, म्हणाला, आणि सावकाश सांगू लागला. ती लिहीत गेली: व्याजदर किती आहे ते मला आधीपासून माहीत होतं. खाली तिने पूर्ण नाव लिहिलं.

बँकेचा जिना उतरताना नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी गेल्यावर तुला सगळं नीट सांगतो," तो म्हणाला.

तिने त्याचा हात बाजूला केला.

"आता काही सांगू नका. मला आधीपासून माहीत होतं. तसं लिहून दिलंय मी."