अर्धवट सोडलेल्या तारा

बसस्थानकावर तिला सगळे घोषणाबाई म्हणत. चालक-वाहकांना तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. अकरा वर्षं ती त्या काचेच्या खोलीत बसून गाड्या फलाटाला लावत आणि सोडत आली होती. समोर माईक, बाजूला चौकशीची खिडकी. आवाज असा स्वच्छ, की डुलकी लागलेला प्रवासीसुद्धा आपल्या गावाचं नाव ऐकून खडबडून उठायचा.

दातांनी मात्र तिला लहानपणापासून दगा दिला होता. खालचे पुढचे दात एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटले होते. त्यांच्यात घास अडकायचा, हिरड्यांतून रक्त यायचं. चाळिशी ओलांडल्यावर दाताच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आता सरळ केले नाहीत तर पन्नाशीत हातात येतील."

घरी दादा हसला. "या वयात तारा? आता काय सौंदर्यस्पर्धेत उभी राहणार आहेस?"

"दात वन्संचे," वहिनी ताटं मांडता मांडता म्हणाली, "तुमचे ओठ का वळवळतायत?"

दादा ताटावर येऊन बसला. तिने तारा बसवून घेतल्या.

डॉक्टर साठीचे, कमी बोलणारे, पण दातांचा विषय निघाला की रंगणारे. जागा करायला त्यांनी वरचे दोन आणि खालचे दोन असे चार दात काढले, उरलेल्या प्रत्येक दातावर धातूची एकेक टिकली चिकटवली आणि टिकल्यांमधून तार ओवली. आरसा तिच्या हातात देऊन म्हणाले, "दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हलका दाब देत राहिलं की पुढचं हाड विरतं, मागे नवं भरतं. तो चालतो, पण गोगलगायीच्या चालीनं. महिन्याला एक मिलिमीटर, तोही मर्जीत असला तर. तारेचं काम माझं, ब्रशचं तुमचं. तारेभोवती अन्न राहिलं तर शेवटी सरळ आणि किडके दात मिळतील. चालतील?"

तिला चालणार नव्हतं. ती प्रत्येक खाण्यानंतर घासायची. तारेखालून फिरवायला बाटली घासायच्या ब्रशसारखा, पण काडीएवढा एक ब्रश पर्समध्ये असायचा. सफरचंद चावायचं नाही, पातळ कापा करायच्या. चिकट, कडक काही नाही. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं बेसिनसमोर जायची. तार घट्ट केली की दोन दिवस दात ठणकायचे, पण फटी मिटताना दिसायच्या. सात महिन्यांत अर्ध्या मिटल्याही.

आठव्या महिन्यात ती गेली तेव्हा शटर खाली होतं. वर कागद चिकटवलेला: काही कारणास्तव दवाखाना काही दिवस बंद राहील.

काही दिवसांचे काही आठवडे झाले, आठवड्यांचे महिने. फोन बंद. शेजारचा शिंपी म्हणाला, "बाहेरगावी गेले असतील." फटी ओढून धरणारी रबरी साखळी पिवळी पडून सैल झाली. वरच्या डाव्या सुळ्याची टिकली सुटली आणि तारेवर मण्यासारखी इकडे-तिकडे सरकू लागली. मागे तारेचं टोक गालात रुतायचं. त्यावर ती मेणाची गोळी दाबून ठेवायची, ती जेवताना निघून यायची, की पुन्हा रुतायचं.

ती आधी एका नव्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आत पाहिलं आणि हात मागे घेतले. "हा दुसऱ्यानं अर्धा विणलेला स्वेटर आहे, बाई. टाके कसे घातलेत ते मला कसं कळणार?"

दुसरे म्हणाले, "सगळं काढून टाकतो. पण फटी उघड्या राहतील आणि दात आले तिकडे परत निघतील."

तिसऱ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने किमान सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, "सुरुवातीचे साचे आणि एक्स-रे आणा. दात कुठून निघाले ते कळलं तरच कुठे न्यायचे ते ठरवता येईल."

साचे त्या शटरमागे होते.

म्हणजे ठेवावं तर रुततंय, काढावं तर सात महिने आणि चार दात पाण्यात. कुणी वाईट नव्हतं, सगळे सभ्यपणे नाही म्हणत होते, आणि ती तोंडात कुलूप घेऊन किल्ली शोधत फिरत होती. जीभ दिवसभर त्याच वाटेनं जायची: सैल टिकली, फट, रुतणारं टोक, पुन्हा सैल टिकली. तिला जिभेचाही राग येऊ लागला. मग ब्रशचा. लावणाऱ्यालाच पर्वा नाही तर मी कुणासाठी घासत बसू, असं म्हणत तिने पंधरा मिनिटांची पाच केली, पाचाची दोन. काडीचा ब्रश पर्सच्या तळाशी गेला. हिरड्या सुजल्या, तरी तिने आरशात बघायचं टाळलं.

आणि मग ते झालं. सायंकाळची गर्दी होती. तारांमुळे 'स' आधीच घसरायचा. "शव्वाशहाची गाडी फलाट क्रमांक..." इथवर आली आणि टोक गालात खचकन घुसलं. तोंडातून निघालेला "स्स्स" चारही भोंग्यांतून अख्ख्या स्थानकावर पसरला. मग कुणीतरी हसलं, आणि हसू फलाटाफलाटानं पुढे गेलं.

आगारप्रमुख साहेबांनी तिला रागावलं नाही. तेच जड गेलं. "तुमच्या जुन्या घोषणा ध्वनिमुद्रित आहेत ना," ते म्हणाले, "त्या लावू. तात्पुरत्या." तेव्हापासून ती बटणं दाबू लागली. भोंग्यातून तिचाच दोन वर्षांपूर्वीचा आवाज खणखणीत यायचा आणि ती काचेआड ओठ मिटून बसायची. तात्पुरत्याचं अर्धं वर्ष झालं. चौकशीच्या खिडकीवर ती शक्यतो बोट दाखवून उत्तर द्यायची.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला खिडकीत एक म्हातारा आला. उजवा हात कोटाच्या खिशात. "नदीपलीकडे जाणारी गाडी कुठे लागते हो?"

आवाज तिने तत्काळ ओळखला. भोवताली गाड्यांची घरघर चालू होती, तरी.

"फलाट तीन. पावणेबाराला सुटते."

चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं नव्हतं. ती बोलली तशी त्यांची नजर तिच्या तोंडावर गेली, आणि सवयीने शब्द निघून गेले, "डाव्या सुळ्याची टिकली सुटलीय." मग त्यांचा चेहरा उतरला.

"चौदा महिने झाले, डॉक्टर," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत असून?"

मनात तिने या माणसाला किती वेळा फाडून खाल्लं होतं. एकेक वाक्य तासून ठेवलं होतं. आता दातओठ खावेत म्हटलं तर तारा आड येत होत्या. डॉक्टरांनी खिशातला हात काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. उकळत्या भांड्यावरचं झाकण थरथरावं तसा तो फळीवर वाजत होता.

"शेवटचे काही महिने डाव्या हातानं उजवा धरून काम करत होतो," ते म्हणाले. "कुणाला कळलं नाही. मग एका लहान मुलीच्या ओठात पक्कड घुसली. फार नाही, दोन टाके. दुसऱ्या दिवशी शटरपाशी गेलो आणि तसाच परतलो. म्हटलं, आठवड्याभरात सगळ्यांना कळवू. आठवड्यानं म्हटलं, पुढच्या. मग इतका उशीर झाला, की त्या उशिराचीच लाज वाटायला लागली."

"आमच्या तोंडात तुमची लाज होती," ती म्हणाली.

भोंग्यातून तिचा जुना आवाज फलाट पाचची गाडी सोडत होता.

"माझे साचे कुठायत?"

"आतच. सगळ्यांचे आतच आहेत. मी पुन्हा शटर उघडलंच नाही."

"किल्ली?"

त्यांनी कोटावरून हात फिरवला. म्हणजे किल्ली जवळ होती. चौदा महिने जवळच असणार.

"चला."

"माझी गाडी सुटेल."

"सुटू दे. तासाभरानं दुसरी आहे, ते माझ्याइतकं इथे कुणाला माहीत?" तिने तिकीट खिडकीवरच्या बाईंना बटणं दाखवली, पर्स उचलली आणि बाहेर आली.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टरांनी तीनदा किल्ली लावून पाहिली, तिन्ही वेळा ती कुलपाभोवती नाचली. "द्या इकडे," ती म्हणाली. शिंपी शिवण थांबवून बघत राहिला.

आत धूळ आणि लवंगेच्या तेलाचा वास. भिंतभर कप्प्यांत पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येकावर नाव. तिला आपला सापडला. आत पांढऱ्या प्लास्टरचे तिचेच जुने दात, तसेच दाटीवाटीने बसलेले, आणि खाली एक्स-रेचं पाकीट. ती खोका पोटाशी धरून दाराकडे वळली. काम झालं होतं.

डॉक्टर रुग्णाच्या खुर्चीच्या कडेवर टेकले होते, आपल्या स्टुलावर नाही.

"यातले तारा असलेले किती?" तिने विचारलं.

"त्रेचाळीस."

त्रेचाळीस जिभा, तिला वाटलं, आत्ता या घडीला कुठेकुठे तीच वाट चालत असतील. तिने खोका परत टेबलावर ठेवला. "वही कुठाय नंबरांची? मी नंबर लावून देते. बोलायचं तुम्ही."

"तुम्हीच बोला ना. तुमचा आवाज चांगला आहे."

"आवाज उसना देता येईल, डॉक्टर. माफी नाही."

त्या दुपारी सहा फोन झाले. एकाने शिव्या दिल्या, एकाने ठेवून दिला, बाकीच्यांनी एवढंच विचारलं, की कधी येऊ. पुढचे तीन रविवार दोघं तिथे बसली. ती खोके शोधून द्यायची, ते प्रत्येकाला केस समजावून सांगायचे आणि कागदावर ती लिहून घ्यायची, कारण त्यांचं अक्षर आता वाचवत नव्हतं. लोक नको नको ते बोलले. त्यांनी खाली मान घालून ऐकलं. तिसऱ्या रविवारी ओठावर बारीक पांढरी रेघ असलेली एक मुलगी आईबरोबर आली. आई बरंच काही बोलायच्या तयारीत होती. मुलीनं आधीच विचारलं, "काका, हात दुखतो का?"

"दुखत नाही. ऐकत नाही फक्त," ते म्हणाले.

आईनं खोका घेतला आणि लेकीला घेऊन काही न बोलता गेली. डॉक्टरांनी पुढच्या खोक्यावरचं नाव वाचलं.

मधल्या काळात ती त्या तरुण डॉक्टरणीकडे जाऊन आली. डॉक्टरणीनं साचे हातात फिरवले, एक्स-रे उजेडात धरले आणि मान डोलावली. "काम उत्तम चाललं होतं. सुळा थोडा फिरलाय, तो आणू जागेवर. अकरा महिने धरा." मग आरसा तिच्या हातात दिला. "आणि टिकल्यांच्या कडेनं हे खडूसारखे डाग दिसतायत? किडीची सुरुवात आहे. सूज उतरेल, हे मात्र पूर्ण जाणार नाहीत. एवढं त्यांच्या नावावर घालू नका हं. हे तुमचं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती आरशात बघत राहिली. अकरा महिने म्हणजे अजून अकरा महिने तारा, अकरा महिने काचेआड, कदाचित बटणंच. पण आकडा होता. चौदा महिन्यांत तिला कुणी आकडा दिला नव्हता.

त्या संध्याकाळी नव्या तारेनं दोन्ही जबडे असे ठणकले, की वहिनीनं केलेलं सूपसुद्धा चमच्यानं आत सोडावं लागलं.

"फार दुखतंय का वन्सं?"

"दुखतंय," ती म्हणाली. "हललेत."

मग ती पर्सच्या तळातून काडीचा ब्रश काढून न्हाणीघरात गेली. एकेका टिकलीखालून, एकेका फटीतून, मागच्या दाढांपर्यंत. थुंकी लाल येत होती. दाराशी दादाची थाप पडली, एकदा, दोनदा.

"अगं, झालं का? किती वेळ?"

"अकरा महिने," तिने फेसानं भरल्या तोंडानं सांगितलं, आणि पुन्हा डाव्या बाजूनं सुरुवात केली.