‘नाही’नंतरचा प्रश्न

माझ्यात उभं राहिलं की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते. ओळखलंत ना, मित्रांनो? मी कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा. महानदीकाठच्या आमच्या गावात जिथे दिवाणी दावे चालतात, तिथे न्यायाधीशांच्या डाव्या हाताला माझी जागा.

मी साल वृक्षाच्या लाकडाचा. आर्त महाराणा नावाच्या सुताराने मला घडवलं. कठडा त्याने असा घासला होता की जुने पेशकार, म्हणजे कोर्टातले कारकून, येता-जाता कौतुकाने हात फिरवत. पुढे ते कौतुक आटलं. आता माझ्या पायाशी पानाच्या पिंका आहेत आणि एक पाय वाळवीने खाल्लाय. त्याचं वाईट वाटतंच. पण माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीने.

कुंतला बेहेरा नावाची एक विधवा होती. नवरा गेला आणि दिराने बक्षीसपत्र पुढे केलं. म्हणे, भावाने आजारपणात राहतं घर मला देऊन टाकलं! असा कागद टिकायचा तर साक्षीदाराने सही होताना पाहिलेली असावी लागते. नाहीतर सही करणाऱ्याने स्वतः त्याला ‘ही माझी सही’ असं सांगितलेलं असावं लागतं. दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता. उरला शेजारचा ध्रुव जेना.

कुंतलाचे वकील होते नीलांबर मोहापात्र. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. त्या दिवशी त्यांना ऐकायला तरुण वकिलांनी बाकं भरून टाकली होती. तिथेच माशी शिंकली.

ध्रुवने माझा कठडा गच्च धरला होता. तळहात घामाने निथळत होते.

“सही झाली तेव्हा तू कुठे होतास रे?”

“ओसरीवर, आज्ञा.” आमच्याकडे मोठ्या माणसाला असं ‘आज्ञा’ म्हणतात. “पान लावत होतो.”

“ओसरीवरून आजाऱ्याची खाट दिसते?”

“नाही, आज्ञा.”

संपलं होतं हो सगळं! न्यायाधीशांनी ते ‘नाही’ लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. मागे कुंतलाने डोळे मिटून महाप्रभूंना हात जोडले. ‘आणखी प्रश्न नाही, हुजूर’ एवढं म्हणून नीलांबरबाबूंनी बसायचं होतं. बाकीचं युक्तिवादात बोलता आलं असतं. पण बाकांवर खसखस पिकली होती, आणि ती त्यांना गोड लागली. गाऊन सावरत ते पुन्हा वळले.

“मग काय दिव्यदृष्टी होती तुला? सही त्यांचीच, हे कशावरून म्हणतोस?”

हळूहळू ध्रुवची माझ्या कठड्यावरची पकड सैल पडली. घरधन्यानेच चोराला दार उघडून द्यावं, तसं झालं.

“नंतर मी आत गेलो की, बाबू. त्यांनी कागद दाखवला. म्हणाले, ‘ध्रुवा, ही माझीच सही. घाल साक्ष.’”

मेलेला माणूस उलट सांगायला येतो थोडाच! न्यायाधीशांनी पेन उचललं. घर गेलं.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत दालन रिकामं झालं की नीलांबरबाबू एकटेच येऊ लागले. माझ्यासमोर उभे राहून तेच दोन प्रश्न विचारत. ‘नाही’ही स्वतःच म्हणत. मग खुर्ची ओढून अर्धे वाकत, आणि पुन्हा ताठ होत. तिसरा प्रश्न तोंडातून निघायचाच. माझ्यात तर कोणी नसे. तरी माझा कठडा ओला होई. कोणाच्या घामाने, देव जाणे.

एकदा माहेरच्या कसल्याशा कामाला आलेली कुंतला दारात उभी राहिली. तिने सगळं ऐकलं. नीलांबरबाबूंनी तिला पाहिलं आणि खुर्ची सोडून ते तिच्याकडे वळले.

“तूच सांग आई, मी का नाही बसलो गं?”

“तो ‘नाही’ म्हणाला ना बाबू, तेव्हा मी मनात चूल सारवायला घेतली होती,” ती म्हणाली. “पण तुम्ही हसणाऱ्यांकडे बघत होतात. माझ्याकडे एकदाही नाही बघितलंत.”

नीलांबरबाबू आता नाहीत. दुपारी खुर्ची मात्र अजून सरकते. मला भीती वाटते, मित्रांनो, खरंच वाटते. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी काळा कोट घालून माझ्यासमोर उभं राहील. हवं ते उत्तर मिळालं, की मागे वळून ज्याचं घर आहे त्याचा चेहरा बघा. आणि माझ्यावर दया करून खाली बसा.