साहेबांचा सत्कार होता त्या दिवशी

शेठची माणसं चुन्याची बादली घेऊन आली तेव्हा प्रमिलाबाई भाकरीसाठी कळण्याचं पीठ मळत होती. एकाने कुंचला बुडवला आणि तिच्या दारावर भली मोठी फुली मारली. ती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली.

"ए भाऊ, दार काय तुना बापनं शे का? कोर्टाचा स्टे आहे इथं. हात लावशील तर हातकडी पडेल."

तो माणूस हसला. "स्टे तो ऊडी गयो, मासी. सोमवारे तारीख हती, तमारुं कोई हतुं ज नहीं."

"कोण म्हणतं नव्हतं? आमचे वकील साहेब होते."

"तमारा साहेब तो जीप पर हता," तो म्हणाला. "में जोया ने. हार पहेरीने." आणि पुढच्या दारावर फुली मारायला निघून गेला.

प्रमिलाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. सोमवारी ती स्वतः त्या जीपपुढे आरतीचं ताट घेऊन चालली होती.

सुरतेत भेस्तानला नाल्याच्या कडेने खोल्यांची एक रांग होती. सगळे तिला खानदेशी चाळ म्हणत. अमळनेर, पारोळा, एरंडोलकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या माणसांनी ती बांधली होती. प्रमिलाबाईच्या खोलीत तिची खानावळ चाले. गावाकडे बायका-मुलं ठेवून आलेले कारागीर दोन पाळ्यांत तिच्याकडे जेवत. खोली गेली तर चूल गेली, आणि चूल गेली तर सुरतेत राहायचं काही कारणच उरत नव्हतं. तिचा नवरा चिंधा लूमच्या आवाजाने अर्धवट बहिरा झाला होता. त्याला आता कोणी नव्या कारखान्यात उभं करणार नव्हतं.

चाळीमागच्या लूमच्या शेडच्या शेठला ती जागा हवी होती. हे भांडण जुनं. प्रमिलाबाईच्या नावाने सगळ्या चाळीतर्फे दावा लावला होता तो रघुनाथ बोरसे वकिलांनी. बोरसे पारोळ्याकडचे. स्वतः लूमवर रात्रपाळी करून दिवसा कायदा शिकले. प्रमिलाबाईच्या खानावळीत पाटावर बसून, पुस्तक मांडीवर ठेवून जेवायचे, आणि तिने दटावलं की 'हो माय' म्हणत पुस्तक मिटायचे. वकील झाले, लेबर कोर्टात शेठ लोकांना घाम फोडू लागले. मग नगरसेवक झाले. प्लेगच्या वेळी सगळी सुरत गाठोडी घेऊन स्टेशनवर पळत असताना बोरसे गल्लीबोळांतून गोळ्या वाटत फिरले, आणि त्यांचं नाव पार गांधीनगरपर्यंत गेलं. त्यानंतर दुसऱ्या वर्षी पक्षाने त्यांना राज्यसभेवर घेतलं. चाळीतल्या कुणालाच राज्यसभा म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. मत तर कुणी दिलंच नव्हतं. पण आपला माणूस दिल्लीला चालला एवढं पुरेसं होतं. पर्वत पाटियाच्या चौकात सत्कार ठरला. चाळीतल्या सगळ्यांनी खाडा केला, बायकांनी नऊवारी काढली, प्रमिलाबाईने भल्या पहाटेपासून खापरावर मांडे भाजले.

तारीख कुणालाच आठवली नाही, कारण तारीख लक्षात ठेवायची सवयच चाळीला नव्हती. बोरसे पहिल्या दिवसापासून सांगत आले होते, "तुम्ही पाळी बुडवू नका. मी आहे ना कोर्टात. तुम्ही येऊन काय भिंतीला टेकून बसणार?" लोकांना हे फार आवडायचं. इतर वकील अशिलांना दिवसभर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवून ठेवत. आपला वकील वेगळा.

त्या सोमवारी न्यायाधीशांनी नाव पुकारलं तेव्हा वकील जीपवर होता आणि अशील त्याला ओवाळत होतं. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला, आणि त्याबरोबर स्टेही.

प्रमिलाबाईने हात धुतले आणि शेजारच्या दत्तूला झोपेतून उठवलं. दत्तू सत्कार समितीचा अध्यक्ष होता.

"कसाले उठवस वहिनी? पाळी करून आलोय."

"तुझ्या दारावर चुना लावून गेलेत. नवीन घर घेतलंस का रंगवायला?"

दोघं रिक्षाने बोरसेंच्या बंगल्यावर गेले. आता तिथे बाहेर पोलीस होता आणि आत सोफे. मंडळींची गर्दी होती, प्रत्येकाच्या हातात काही ना काही अर्ज. बऱ्याच वेळाने बोरसेंचा ज्युनिअर विकास त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेला. विकास तरुण होता, हुशार होता, आणि त्या दिवशी मिरवणुकीतली जीप त्यानेच चालवली होती.

"बसा प्रमिलाताई," बोरसे म्हणाले. आजवर ते तिला वहिनी म्हणत आले होते. "मला कळलं. अत्यंत दुर्दैवी गोष्ट झाली. पण घाबरण्याचं कारण नाही. विकासने दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज तयार केला आहे. तुम्ही फक्त सही करा."

विकासने कागद पुढे केला. गुजरातीत टाइप केलेला होता.

"काय लिहिलंय यात?"

"नेहमीचंच," विकास म्हणाला. "वादी तापाने अंथरुणावर होत्या. साहेब हायकोर्टाच्या कामासाठी अहमदाबादला होते. म्हणून हजर राहता आलं नाही."

प्रमिलाबाईने बोरसेंकडे पाहिलं. "मला ताप नव्हता."

"ताई, कोर्टात असंच लिहितात."

"मी तुमच्या कपाळाला कुंकू लावत होते. पर्वत पाटियाला. अहमदाबादला कोण होतं मग, तुमचं भूत?"

दत्तूने तिचा पदर ओढला. बोरसे मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. ते समजावणीच्या सुरात बोलत राहिले. खरं कारण लिहिलं तर ते उद्या पेपरात येईल, विरोधक त्यावर तुटून पडतील, आणि ज्या माणसाकडून चाळीला पुढे किती कामं करून घ्यायची आहेत तोच माणूस पहिल्याच महिन्यात बदनाम होईल. शिवाय झोपडपट्ट्यांचा प्रश्न ते सभागृहात मांडणारच होते.

"सभागृहात नंतर मांडा," ती म्हणाली. "आधी कोर्टात या. काळा कोट घाला, उभे राहा, आणि सांगा की चूक माझी. जज काय तुम्हाला खाणार आहे?"

"मी आता प्रॅक्टिस जवळजवळ बंद केली आहे, ताई."

"मग सोडून द्या आम्हाला. दुसरा वकील करू."

यावर विकास हसला. "दुसरा वकील साहेबांच्या ना-हरकत सहीशिवाय फाइलला हातही लावणार नाही. तसा रिवाज आहे."

"मग द्या सही."

बोरसेंनी पेनाला हात लावला नाही. चाळीने बोरसेंना सोडलं, ही बातमी त्या तापाच्या गोष्टीपेक्षाही वाईट दिसली असती. मग ते एकदम पुढे झुकले आणि कित्येक वर्षांनी पुन्हा अहिराणीत आले. "वहिनी, तू तर मनी मायना जागी शे. मन्हा घात करशी का?"

प्रमिलाबाईचं डोकं तडकलं ते इथे. इतका वेळ ताई होती, सही हवी झाली तेव्हा माय झाली. तिने कागद तसाच टेबलावर ठेवला. "जेवताना आई म्हणायचं ते ठीक होतं," ती म्हणाली. "आज नका म्हणू." आणि बाहेर पडली.

चाळीत मात्र दत्तू तिच्या आधी बोलला होता. संध्याकाळी सगळे तिच्या दारात जमले. सगळ्यांच्या बोलण्याचा सूर एकच.

"एका सहीने काय झिजतेस?"

"ताप कुणाला येत नाही? सोमवारी नाही तर मंगळवारी आलाच असता."

"साहेबांशी वाकडं घेऊन सुरतेत राहायचंय का आपल्याला?"

चिंधा एवढा वेळ भिंतीला टेकून बसला होता. त्याला अर्धंच ऐकू येत असे, पण भांडण समजायला कान लागत नाहीत. तो म्हणाला, "सही करी दे. घर तर वाचेल."

"वाचेल," ती म्हणाली. "आणि शेठने त्या मिरवणुकीचा फोटो जजपुढे ठेवला तर? त्याची माणसं तिथं होती. सगळ्या शहरानं पाहिलंय. खोट्यात सापडलो की मग कोण वाचवेल, तुझा दिल्लीवाला?"

एकेक जण उठून चपला शोधू लागला. पण पटलं म्हणून उठले असंही नव्हतं. शोभाबाई, दत्तूची बायको, जाताना म्हणाली, "सोन्यासारखा माणूस तू मातीत घालणार." त्या रात्री खानावळीत निम्मी पानंही उठली नाहीत. प्रमिलाबाईने उरलेल्या भाकरी दुरडीत टाकल्या त्या अशा, जणू भाकरींनीच दावा बुडवला होता.

तिने सही केली नाही. तरी विकासने स्वतःच्या सहीने तोच अर्ज दाखल केला. सुनावणीच्या दिवशी निरोपावरून ती गेली तेव्हा कोर्टाच्या दारात तो तिला भेटला, बरोबर दत्तू आणि चाळीतले दोघं-तिघं होते.

"तुम्ही काही बोलू नका," विकास हळूच म्हणाला. "साहेबांनी विचारलं तर मान हलवा. एवढंच."

"कुठल्या साहेबांनी?"

"जजसाहेबांनी."

"हां. मला वाटलं, साहेब एकच असतो."

नाव पुकारलं. शेठचा वकील उठून म्हणाला की अर्ज खोटा आहे. न्यायाधीश वयस्क होते, उन्हाळ्याने त्रासलेले. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून प्रमिलाबाईकडे पाहिलं. गुजरातीत विचारलं, "तमने ताव हतो, बहेन?"

विकास तिच्याकडे बघत होता. दत्तू मागच्या बाकावर हात जोडून बसला होता, देवापुढे बसावं तसा.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ताप नव्हता. मी मिरवणुकीत होते. आमची सगळी चाळ होती. आमचे वकीलही तिथंच होते. त्यांचाच सत्कार होता. तारीख आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही."

कोर्टात कुणीतरी हसलं. विकासने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, न्यायाधीशांनी त्याला हाताने बसवलं. शेठचा वकील लगेच म्हणाला की मग अर्ज फेटाळायलाच हवा. न्यायाधीश म्हणाले, हा अर्ज फेटाळावाच लागेल. दत्तूने मागे डोक्याला हात लावला.

"पण बाई खरं बोलल्या आहेत," न्यायाधीश पुढे म्हणाले. "वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाला का द्यावी, त्याचा मी विचार करीन. हे वकीलपत्र ठेवायचं आहे का तुम्हाला?"

"दुसऱ्या वकिलाला त्यांची सही लागते म्हणतात."

"रद्द करायला माझी परवानगी पुरते. बोला."

तिला बोरसे पाटावर बसलेले दिसले, मांडीवर पुस्तक घेऊन. रागाने तिचे डोळे भरून आले. त्या माणसाला आपण कधी ओळखलंच नाही म्हणून नव्हे. चांगलं ओळखत होतो, आणि तो खरोखर चांगला होता, म्हणून.

"रद्द करा," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी सांगितलं, आजच स्वतःचा अर्ज स्वतः द्या, त्यावर सुनावणी होईतो चाळ आहे तशी राहील, कुणी हात लावायचा नाही. विकास फाइल उचलून तिच्याकडे न बघता निघून गेला.

बाहेर कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट ओळीने बसले होते. प्रमिलाबाई त्यातल्या एका म्हाताऱ्यासमोरच्या स्टुलावर बसली. दत्तू लांब उभा राहिला. जाताही येईना, जवळही येववेना.

"क्या लिखना है, बहनजी?"

तिने मराठी, हिंदी, गुजराती जे येईल त्यात सांगितलं. म्हातारा हिशेबाने एकेक वाक्य गुजरातीत बसवत गेला. मिरवणूक आली, चौक आला, जीप आली. मग त्याची बोटं थांबली.

"रघुनाथ बोरसे तो अब सांसद हैं ना? आगे सांसद लिखूँ कि वकील?"

दत्तू दोन पावलं पुढे आला. "वहिनी," तो म्हणाला, "खासदार लिही. मान राहील बिचाऱ्याचा."

प्रमिलाबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वकील लिखो," ती टायपिस्टला म्हणाली. "उस दिन वो हमारा वकील था."