बिनटाळीची एक्झिट

नाटकाचा तिसरा अंक सुरू होऊन अकरा दिवस झाले होते आणि घरातलं एकही माणूस अजून घराबाहेर पडलं नव्हतं. पडायचं तर तिघांनाही होतं. नाटकच तसं होतं. नाना, माई आणि त्यांची चाळिशीची लेक वैजू, तिघंही त्या घराला विटलेली. शेवटी एकेकानं बॅग उचलून डावीकडच्या दारातून निघून जायचं, की पडदा. ती तिघं खरोखरचीही आई-बाप न् लेकच होती, त्यामुळे विटायला तालमीची गरज पडली नव्हती.

घोडं अडलं ते टाळीपाशी. पिढीजात नाटकवाली माणसं! दारात थबकायचं, मान वळवायची, टाळी घ्यायची आणि मगच बाहेर पडायचं, हे वैजूला पाळण्यातच शिकवलेलं. टाळी पडली की मागून कुणीतरी ओरडायचंच, "वन्स मोअर!" आणि वन्स मोअर मिळाला की डावीकडून गेलेलं माणूस उजवीकडच्या दारातून, बॅगेसकट, पुन्हा त्याच दिवाणखान्यात. वैजू अशी चौसष्ट वेळा गेली होती. मेली चप्पलसुद्धा झिजली.

नानांनी तर नादच सोडला. रविवारपासून ते मागच्या पडद्यावर रंगवले गेले होते, खुर्चीसकट. बोलायचे मात्र वेळच्या वेळी.

"निघालीस?" पडद्यावरून नाना म्हणाले.

"निघाले."

"चहा घेऊन जा."

"नाना, कप रिकामे आहेत. पहिल्या अंकापासून."

माई साडीची घडी घालत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "वैजे, तू फार छान जातेस. तिथंच माती खातेस."

"मग काय करू?"

"वाईट जा. दूध संपलंय म्हणून निघाल्यासारखी. टाळी नाही, तर वन्स मोअर नाही."

"आणि तू?"

"मी येते मागोमाग. बाहेर थांब. मला टाकून पुढं जाऊ नकोस बाई."

अकरा दिवसांत आई पहिल्यांदाच संहितेबाहेरचं बोलली होती. वैजूला भडभडून आलं, पण रडली असती तर टाळी पडली असती. तिनं नानांचं वाक्य अर्धवट तोडलं, बॅग उचलली आणि कोपर खाजवत चालू लागली. दारात मान वळू लागली, तेव्हा तिनं आपला अंबाडा मुठीत घट्ट धरला.

टाळी पडली नाही. कुणीतरी खोकलं, एवढंच.

दारापलीकडे रस्ता नव्हता. प्रेक्षागृह होतं. तिसऱ्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती. थांब म्हणाली होती ना माई, म्हणून वैजू तिथं बसली. सगळ्यांच्याच मांडीवर बॅगा होत्या.

शेजारच्या बाईनं तिच्यापुढं शेंगदाणे धरले. "कुणाची वाट बघताय?"

"आईची."

"आम्हीपण," बाई म्हणाली.

रंगमंचावर माईनं बॅग उचलली. ठरल्याप्रमाणे वाईट निघाली, अगदी दूध आणायला निघाल्यासारखी. जाता जाता नानांच्या खांद्यापाशी पडद्याला पडलेली चुणी तिनं तळहातानं सारखी केली. दाराशी सवयीनं दिवा बंद केला. मान वळवली नाही. गेली.

वैजूनं आईला जन्मभर विंगेतून पाहिलं होतं, पाठमोरी नाहीतर बाजूनं. समोरून आज पहिल्यांदाच. आपली आई अशी आहे? प्रेक्षागृह चिडीचूप होतं, एकही टाळी नव्हती. माई सुटली होती. आता येईलच, अजून दोन पावलं.

टाळी पडू नये म्हणून वैजूनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तोंड मात्र मोकळं राहिलं होतं.

"वन्स मोअर!"

उजवीकडचं दार उघडलं. माई आत आली, बॅग खाली ठेवली आणि तिसऱ्या रांगेकडे बघत उभी राहिली.