शिडी धरणारा

पोलीस ठाण्यात वकीलबाईंनी पुढे केलेला कागद नॉर्मन ग्रिमशॉने बोटाच्या टोकाने परत ढकलला. मेहुण्याचा जबाब होता. ज्या सेड्रिकला बुटाची नाडी बांधताना जीभ बाहेर काढावी लागते, त्याचा जबाब काय वाचायचा?

"काय म्हणतो ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

"रविवारी सकाळी सेड्रिक बोलिंग क्लबची खिडकी उचकटताना सापडला. चांदीच्या कपासाठी. खाली शिडी तुम्ही धरली होती."

"पण कप तिथे नव्हताच! जिंकणारा तो वर्षभर घरी नेतो, एवढंही कळू नये त्या गाढवाला? यंदा तर माझ्या मावशीनेच जिंकलाय. आदल्याच रात्री तिच्याकडे जेवलो, समोरच होता."

वकीलबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मावशीकडे बरेच कप आहेत," नॉर्मन म्हणाला. "तेव्हा ओळखला नाही."

"कप नसला, तरी प्रयत्न हा गुन्हाच. आणि जाणूनबुजून शिडी धरणारा चढणाऱ्याइतकाच दोषी. शाळेची शिपाईगिरी जाईल तुमची, तिच्यासोबत मिळालेलं घरही जाईल." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पण सेड्रिक म्हणतो, तुम्हाला काही ठाऊकच नव्हतं. छपराची पन्हाळ साफ करायचीय असं सांगून त्याने तुम्हाला आणलं. ठाऊक नसेल तर साथीदार नाही. तेव्हा आत चौकशीत काहीही विचारलं, तरी एकच उत्तर: मला काही बोलायचं नाही."

आत टेप सुरू झाली. डिटेक्टिव्ह मिर्झा तोच जबाब सावकाश वाचू लागल्या.

"'नॉर्मनला काहीही सांगा, पटतं. लहानपणापासून जरा मंदच आहे बिचारा. म्हणून तर त्याला शिडीपाशी ठेवला.' यावर काही?"

"मला काही बोलायचं नाही." नॉर्मनचे कान लाल झाले होते.

"क्लबच्या त्या बाजूला पन्हाळच नाही, मिस्टर ग्रिमशॉ. तरी तुम्हाला पटलं?"

बोलू नका म्हणून वकीलबाईंनी हलकेच मान हलवली. नॉर्मनने ती पाहिली. मिर्झांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, तोही पाहिला.

"खरंच पटलं असेल, तर तुम्ही आत्ताच घरी जाल," मिर्झा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कीव होती.

नॉर्मनने खुर्ची पुढे ओढली, कॉलर सारखी केली आणि टेपच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"बेत माझा होता," तो म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.